लॅबवाल्या चाचांचा कागद

स्वतःच्या रक्तावर एवढा भरवसा असलेला माणूस मी तरी अख्ख्या नांदेडात दुसरा पाहिला नाही. सांधे दुखतात, गालांवर लाल चट्टे उठतात म्हणून डॉक्टरांनी मला तपासणीला पाठवलं, तेव्हा या लॅबवाल्या चाचांशी गाठ पडली. रक्त काढताना जगभराच्या गप्पा. पण रिपोर्टात काय आलं विचारा, की "डॉक्टर सांगतील" एवढंच. काचपट्टीवर रक्त चमकतं का ते बघायचं म्हणजे खोलीत आधी गुडुप अंधार. त्या वेळी खुद्द कलेक्टर आले तरी दार उघडायचं नाही. चहा बाहेर निवत राहायचा, आणि मग गारढोण झाला म्हणून बोलणी खायची चहावाल्यानं!

माझी पहिली तपासणी, एएनए, पॉझिटिव्ह आली. आपल्याच रक्तातली प्रतिपिंडं आपल्याच पेशींवर उलटतात, असं मोबाइलवर वाचून मी तिथंच बाकावर रडायला लागले. चाचांनी खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपलेला एक कागद काढला. "वाचा, बाई. नाव कुणाचं हाय?" नाव त्यांचंच, आणि पुढे एएनए पॉझिटिव्ह!

भानगड अशी, की तुलनेसाठी काचेवर एक निर्दोष रक्त लागतं, ज्यात काही चमकू नये. कंपनीच्या बाटलीवर विश्वास नाही, म्हणून चाचांनी आपलंच लावलं. पाहतात तर हिरवंगार चमकतंय! काच बदलली, बाटल्या बदलल्या, कंपनीवाल्याची फोनवर खरडपट्टी काढली. तिसऱ्यांदाही तेच चमकलं, तेव्हा कुठे स्वतःच्या नावाचा हा रिपोर्ट लिहिला.

"लई वर्षं झाली, मी हाय की धडधाकट," चाचा म्हणाले. "हा एकटा गवाह हाय, बाई. एकट्याच्या जबानीवर फैसला न्हाई करायचा. दुसरी तपासणी येऊ द्या."

दुसरी, डीएनएविरुद्धच्या प्रतिपिंडांची, आठवड्याने आली. त्या दिवशी चाचांनी खिशात हात घातला नाही. पाकीट देऊन म्हणाले, "घरी नका जाऊ, बाई. आधी डॉक्टरकडं जा, आत्ताच." मी तशीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी लक्षणं, लघवीची तपासणी आणि दोन्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट जुळवून ल्युपस, म्हणजे तोच आपलं रक्त आपल्यावर उलटण्याचा आजार, सांगितला. गोळ्या वेळेवर सुरू झाल्या, हे चाचांचे उपकार.

चाचा आता बिलोलीला लेकाकडे असतात. निघताना त्यांनी तो कागद माझ्या हातात ठेवला. "रडणारं कुणी दिसलं की दाखवत जा."

तपासणीला रक्त द्यायला गेले की दाखवते, एकट्या गवाहाची गोष्टही सांगते. परवा एका पोरीने डोळे पुसत विचारलं, "आन् तुमचं काय आलतं, मावशी?"

चाचांची फार आठवण आली. म्हटलं, "माझे दोन्ही गवाह आलते, बाळा. तरी मी हाय की."