राजापूरला निघालेला केक

आमच्या आतोबांइतका रस्त्यांवर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा नव्हता. तरुणपणी मुंबईच्या एका बेकरीत ते केक करायला शिकले आणि गावात परतून त्यांनी स्वतःची भट्टी घातली. पाव-खारी पोटासाठी, जीव मात्र एकावर एक चढवलेल्या केकांत. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे असा केक एखाद्या लग्नातच दिसायचा आणि तो आला की लोक नवरीकडे बघायचं विसरायचे. आतोबा प्रत्येक मजल्याखाली जाड पुठ्ठा घालत आणि खालच्या केकात बांबूच्या खुंट्या रोवत. "वरच्याचा भार बांबूनं घ्यायचा, केकनं नाही. नाहीतर तळातला बिचारा थोरल्या सुनेसारखा दबतो," असं ते सांगत. माझी आत्या, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्या घरातली थोरली सून. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी.

पुढं रचलेलं ढासळेल ही धास्ती सगळीकडेच पसरली. पंगतीत पुऱ्यांची चळत कलती दिसली की आधी ती सरळ करत, मग जेवायला बसत. बसला खड्डा लागला की डोळे मिटून पुटपुटत, "मधला गेला." बरोबर केक नसला तरीही. हातखंब्याच्या वळणाबद्दल तर ते खाष्ट व्याह्याबद्दल बोलावं तसं बोलत.

एकदा मांडवीच्या एका होडीवाल्यांनी मुलीच्या लग्नासाठी तिमजली केक सांगितला. लग्न राजापूरला. तीन खोक्यांत नेऊन तिथं रचा, असं सगळ्यांनी सुचवलं.

"परक्याच्या मांडवात, लोकांच्या घाईत कुठं रचत बसू? इथून उभा निघेल, तिथं उभा पोचेल," आतोबा म्हणाले. जीपही नाकारली, जीप उड्या मारते.

मग सकाळची एसटी. पुढच्या बाकावर आतोबा आणि आत्या, दोघांच्या मांडीवर लाकडी पाट, घसरू नये म्हणून त्यावर ओलं फडकं आणि वर केक. मी मागच्या बाकावर. लांजा सोडलं आणि एक म्हैस शांतपणे रस्त्यात आली. ब्रेक लागला. खालचे दोन मजले जागचे हलले नाहीत. वरचा सुटला तो थेट आत्याच्या ठेवणीतल्या साडीवर. तिनं तो दोन्ही हातांनी छातीशी झेलला.

आतोबांचा चेहरा पांढरा पडला. "अगो, ठेव तो खाली. संपलं सगळं."

"तुम्ही ते दोन सांभाळा," आत्या म्हणाली. "ह्याला मी धरलंय."

आयसिंग वितळून कोपरापर्यंत ओघळत होतं, माश्या येत होत्या. शेजारची बाई पदरानं वारा घालत राहिली. आत्या राजापूरपर्यंत हलली नाही.

मांडवात आतोबांनी तो मजला चढवला, चेपलेली बाजू आयसिंगनं भरून भिंतीकडे केली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. नवरीचे वडील वाखाणायला लागले, तेव्हा आतोबा घसा खाकरून म्हणाले, "वरचा हिनं आणलाय." त्यांच्या तोंडून आत्याचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्या हात धुवायला म्हणून गेली, ती बराच वेळ आली नाही.

आता दोघंही नाहीत. पण त्या दिवशीची परतीची बस मला अजून दिसते. आत्या दमून आतोबांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. तिच्या पदरावरच्या साखरेला मुंग्या लागलेल्या. ते सांगायला मी पुढं वाकलो, तर आतोबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि स्वतःच हलक्या हातानं एकेक मुंगी वेचत राहिले.