हळदीकुंकवाचं विमान

माझं विमान उडालंच नाही, असं रनाळ्यात अजून सांगतात. साफ खोटं आहे! विमान उडालं होतं. कुठे जाऊन बसलं, हा वेगळा प्रश्न.

मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि पुण्याला जाऊन यंत्रविद्या शिकायची, यावर अडून बसलो होतो. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, यंत्रावर भरवसा नव्हता (माझ्यावर तर त्याहून नव्हता). एका मासिकात खेळण्यातल्या विमानाची आकृती बघून मी ते घरी बांधायला घेतलं, तेव्हा आबांनी सगळ्यांदेखत अट घातली, खळ्याच्या पलीकडच्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत ते उडवून दाखवायची.

"खळाना ह्या टोकपाईन त्या निमपावत गयं, तं जाय पुणाले. नही गयं, तं औत धर."

"कबूल!" मी म्हणालो. आधी हो म्हणायचं आणि मग घाबरायचं, ही माझी पद्धत.

तीन आठवडे खपलो. बांबूच्या कामट्या, नंदुरबारच्या बाजारातून आणलेला पतंगाचा कागद, चिकटवायला बाभळीचा डिंक आणि पंखा फिरवायला सायकलच्या जुन्या ट्यूबचं कापलेलं रबर. पंखा दीडशे पीळ उलटा फिरवायचा आणि सोडून द्यायचं. हे जमलं की पुढचं विमान बिनतारी यंत्राने चालवायचं, असाही बेत होता! दोन्ही पंख बोटावर तोलून बघत होतो. डावीकडे माशी बसली तरी मला घाम फुटायचा.

फाल्गुनातल्या त्या सकाळी विमान घेऊन निघालो, तर दारात फुई उभी. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण. हातात पूजेचं ताट.

"नवं औत, नवी गाडी, काहीबी पूजाबिगर घरबाहेर निंघस का?"

"फुई, वजन वाढी जाई! ते उडाव नही!"

"पोयाले बैलले झूल घालतस, हार घालतस. बैल चालस का नही?"

"बैल चालस, फुई. उडस नही!"

पण फुईपुढे आबांचंही चालत नसे. तिने डाव्या पंखावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नाकाला लिंबू-मिरची बांधली आणि दिवा ओवाळला. (कागदाच्या विमानाला! पेटलं नाही, हेच नवल!) उजव्या पंखावर दुसरं स्वस्तिक काढणार, एवढ्यात मी पळालो.

मी काय कच्च्या गुरूचा चेला होतो? वाटेत हार काढून बांधावर टाकला, लिंबू-मिरची खिशात घातली आणि छाती काढून खळ्यावर गेलो. अर्धं गाव जमलं होतं. आबा मधोमध, नवं पागोटं बांधून. दीडशे पीळ दिले आणि सोडलं.

आणि उडालं! चांगलं दोन पुरुष वर गेलं! पोरं ओरडली, मी नाचलो, आबांचं तोंड उघडंच राहिलं. पुणं मला दिसायला लागलं. पण कुंकवाने भिजलेला डावा पंख हळूहळू लोंबायला लागला. कडुनिंब हातभर राहिला असताना विमान डावीकडे वळलं, पूर्ण फिरलं, सरळ आमच्याकडे आलं आणि आबांच्या पागोट्यात नाक खुपसून उभं राहिलं. स्वस्तिक वर.

फुईही मागोमाग खळ्यावर आली होती. तिने विचारलं, "मन्हं लिंबू कोठे शे?"

लिंबू माझ्या खिशात होतं. सगळ्या गावाला खिसा फुगलेला दिसत होता.

तरी मी हटलो नाही. "आबा, ते गयं भी, नि परत भी उनं! दुप्पट पल्ला व्हयना!"

आबांनी पागोट्यातून विमान उपटलं. "बरं शे. औतबी तसंच चालस. जाय बांधपावत, नि परत ये."

तीस वर्षं मी बांधापर्यंत जातो आहे आणि परत येतो आहे. विमान उडालं होतं, हे आजही छातीठोक सांगतो. फक्त पहिल्या दिवशी औताला लिंबू-मिरची मी स्वतःच बांधली, फुईने सांगायच्या आधी!