राशीदमामू आणि हादरणारी फरशी

फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत वर्गावर होते. "मामू गेले," मामूंची बायको, माझी मुमानी, म्हणाली. मी "हाव" म्हटलं, फोन ठेवला आणि फळ्यावरचं गणित पुरं केलं. लातूरला पोचले, माती झाली... तरी मला काहीच वाटत नव्हतं.

भूकंपात आमचं गावातलं घर पडलं, त्यात अम्मी-अब्बा गेले. अम्मीचे भाऊ राशीदमामू मला लातूरला घेऊन आले. ते आधी आखातात मशिनी दुरुस्त करायचे. परतताना तिथलंच एक जुनं ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेऊन आले होते. नळाच्या पाण्याची वाट बघणाऱ्या आमच्या गल्लीला त्याचं हसू यायचं. कपडे घुसळून झाले की ते पिळायला लागायचं, फरशी थरथरायची आणि मी अनवाणी रस्त्यावर पळायचे. एकदा मामूंनी मला परत आणलं, प्लग काढला, मशीनचा पुढचा पत्रा उघडला आणि शेजारी बसवलं.

"हे चाक फिरव."

मी फिरवलं. पट्ट्यानं वरचा गिअरबॉक्स फिरला आणि टबमधली दांडी थोडी इकडं, थोडी तिकडं हलू लागली. उलटं फिरवल्यावर दांडी टबाशी जखडली, टबाला धरून ठेवणारा ब्रेक सुटला आणि अख्खा टब तिच्यासंगं गोल फिरला.

"मोटार उलटी फिरली की टब मोकळा होतो, म्हणून हादरतंय. जमीन न्हाई हादरून राहिली, बेटा."

"मग आपलं घर का पडलं?"

मामूंनी पत्रा परत लावला. "ते मला उघडून दाखवता येत न्हाई," म्हणाले.

त्यानंतर मामू मशीन पिळायच्या आधीच बंद करायचे. मामू आणि मुमानी चादरीची टोकं धरून अंगणात पिळायचे. पुढच्या उन्हाळ्यात मीच एकदा बटण फिरवलं, मामूंचा हात धरून उभी राहिले.

मग लातूरात क्लासेस वाढले. आमच्या वरच्या खोल्यांत भोकर-देगलूरच्या पोरी राहायला आल्या. नवी पोरगी आली की मामू आधी सांगायचे, "फरशी हादरंल. घाबरायचं न्हाई."

मामूंना जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसाव्याला मी लातूरला गेले, तेव्हा पोरी बादलीत कपडे धूत होत्या. "मयतीच्या घरात मशीन कसं लावायचं, ताई?"

"लावा गं," मुमानी आतून म्हणाली.

फरशी थरथरली तशी मुमानी रडू लागली. मला रडू आलं नाही. मशीन थांबल्यावर मी कपडे काढले, तर तळाशी मामूंचा पांढरा कुर्ता निघाला. मुमानीनं तो कधी टाकला, कळलं नाही. मी तो झटकला आणि गच्चीवर वाळत घातला.