एका श्वासात वाजलेली व्हायोलिनं

परवा मी शिकवतो त्या शाळेच्या कौतुकाची बातमी वर्तमानपत्रात आली. तीत माझं नाव शोधताना आमच्या आरोंदा गावातली, व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेचा वास असलेली एक पडवी आठवली. ती पडवी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या शेजारच्या मास्तरांची. तेव्हा त्यांची व्हायोलिन वाजवणारी मुलगी ऑर्केस्ट्राबरोबर युरोपच्या दौऱ्यावर होती. तिथल्या वर्तमानपत्रात आलेली कार्यक्रमाची इंग्रजी समीक्षा मी, वाडीतला पहिला पदवीधर, मोबाइलवर वाचून त्यांना मराठीत सांगत होतो: सुरुवात कोरडी झाली, पण संथ भागात सगळी व्हायोलिनं एका श्वासात वाजली. "तिचा नाव खंय आसा?" मास्तरांच्या बायकोनं, काकींनी, विचारलं. नाव नव्हतं, आपणच घालावं का, म्हणून मी अडखळलो. मास्तर डोळे पुसत हसले. "अगो, एका श्वासात म्हटल्यान ना? म्हणजे आमचा चेडू खंय वेगळा पडूक नाय." ते हसू आठवलं आणि मी नाव शोधणं थांबवलं.