दोन बेस आणि एक चुकलेला सूर

परळच्या आमच्या खोलीत सात माणसं राहायची. तिथे माझ्यापेक्षा उंच वाद्य ठेवणं शक्यच नव्हतं. म्हणून माझा डबल बेस, म्हणजे खर्जात वाजणारं ते भलंमोठं व्हायोलिन, दोन वर्षं चाळीच्या मंडळाच्या खोलीत उभा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. त्या खोलीत सभांचे फलक रंगवले जायचे, आणि रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून कार्यकर्ते वाद्यावर आठवणीने चादर टाकायचे. मी सरावाला बसलो की ते घोषणांची तालीम जिन्यात करायचे. मी गिरणीत टाइमकीपर. हे काय घुमवत बसलायस, असं त्यांतल्या एकानेही मला कधी विचारलं नाही.

वाद्य माझ्या गुरूंचं होतं, त्यांनीच मला सरावाला दिलेलं. ते मूळचे गोव्याचे, राहायला गिरगावात, आणि सिनेमाच्या गाण्यांत बेस वाजवायचे. गणपतीत आमच्या भजनाला आले असताना त्यांनी माझा मृदंग ऐकला आणि आपणहून विचारलं, शिकशील का? ते कोकणी बोलायचे, मी मालवणी. कधी अडलं नाही. पहिले तीन महिने त्यांनी मला एकाच तारेवर ठेवलं. बोटांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. नोटेशनही त्यांनीच शिकवलं, आणि बदल्यात आईच्या हातच्या सोलकढीशिवाय काही घेतलं नाही.

मग त्यांनीच मला दादरला पहिल्या रेकॉर्डिंगला नेलं. त्या काळी गायिका आणि सगळे वादक एकदमच गात-वाजवत. एकाचं चुकलं की गाणं पहिल्यापासून. आम्ही दोघं दोन बेस घेऊन शेजारी उभे होतो. नववा टेक छान जमला होता. शेवटच्या कडव्यात मी एक मात्रा आधीच खालच्या सुरावर उतरलो. गाणं थांबलं. वाद्यमेळ बसवणाऱ्या अरेंजरनी विचारलं, बेसवर कोण चुकलं? मी तोंड उघडायच्या आत गुरूंनी हात वर केला.

"मिस्टेक माझी," ते म्हणाले.

तीस वर्षं वाजवणाऱ्या त्या माणसाने सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली आणि मी खाली बघत उभा राहिलो. पुढचा टेक पास झाला. बाहेर आल्यावर आम्ही चहाला थांबलो. ते चहा बशीत ओतत म्हणाले, "तुला काढलं असतं. मला नाही काढणार."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी तडक माटुंग्याला अरेंजरच्या घरी गेलो आणि चूक माझी होती, असं सांगून टाकलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

"कोण चुकलं ते मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पण त्याने अंगावर घेतल्यावर मी काय बोलणार? तू येतोस का, तेवढं बघायचं होतं."

गुरुवारी पुन्हा ये, म्हणाले. गुरूंना हे कळलं तेव्हा ते आधी रागावले, मग बराच वेळ हसत राहिले.

गिरणी सोडायला मला आणखी वर्ष लागलं. पुढे उभी हयात बेस वाजवण्यातच गेली. काही वर्षांनी बेस गिटार आली, तीही शिकलो. नवी गिटार घेतली ती पहिल्यांदा त्यांच्याकडेच घेऊन गेलो. तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते, वाजवणं सुटलं होतं. त्यांनी डोळे मिटून तासभर ऐकलं आणि उजवा अंगठा चुकीच्या जागी टेकतोय म्हणाले. त्यांचं बरोबर होतं.