पिवळा आधी, काळा शेवटी

गुणवंतराव, बाबांचा फोटो मिळणार नाही.

परवा तुमचा फोन आला. वर्षश्राद्धाचं फ्लेक्स लावायचंय, मनोहररावांचा एखादा चांगला फोटो पाठव म्हणालात. मी "बघते काका" म्हणाले आणि फोन ठेवला.

बघितलं. हे उत्तर.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं. हे तीनदा वाचून पोस्ट करते आहे. तुमचं नाव एकदा खोडलं होतं, परत लिहिलं. डोळ्यांनी बघितलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहिते. त्यापुढचा एक शब्द नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लातूरला डाळमिलच्या मागच्या गल्लीत आमचा छोटा ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, क्लासेसची पत्रकं. दोन घरं सोडून गुणवंतरावांचा मोठा प्रेस. फ्लेक्सचं मशीनही त्यांच्याकडेच.

मी शाळेत जायच्या आधी अक्षरं शिकले ती बाबांच्या टेबलाखाली बसून, वाया गेलेल्या शीटच्या कोऱ्या पाठीवर. बाबा शीट फेकायचे नाहीत. कापून, शिवून माझ्या वह्या करायचे. एका बाजूला माझा ग म भ न, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी लग्न.

दुसरा धडा रंगांचा.

सकाळी पिवळा. मग लाल. मग निळा. काळा शेवटी.

फिक्यावर गडद चढतो, त्यामुळे मधे रोलर धुवायला रॉकेल कमी लागतं. उलटं केलं की दर रंगाला मशीन धुवा, आणि तेवढं घाण रॉकेल कुठंतरी ओता.

बाबा ओतायचे नाहीत. डब्यात ठेवायचे. गाळ खाली बसला की वरचं रॉकेल पुन्हा पहिल्या धुण्याला. गाळ ड्रममध्ये. ड्रम भरला की असा गाळ नेणाऱ्या परवानावाल्या गाडीची वाट बघायची, आणि ती गाडी काही लवकर यायची नाही.

जळकोटचं एक गिऱ्हाईक सकाळीच निळी पत्रिका हवी म्हणून अडून बसलं. बाबा म्हणाले, दुपारी देतो. ते उठून तुमच्याकडे गेलं. संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात येऊन, चारजण ऐकतील असं बोललात.

"मनोहरराव, तुमचं मशीन सोवळ्यात हाय काय? आधी पिवळा, मग लाल... पूजा मांडून राहिलेत का?"

सगळे हसले. बाबाही हसले. ते मला अजून सहन होत नाही.

मग कमलमावशींच्या बोअरला रॉकेलचा वास यायला लागला. त्यांचं घर तुमच्या आणि आमच्या मधे. आमचा प्रेस जुना, भिंतीला भिंत लागून. गल्लीनं ठरवून टाकलं, हे मनोहररावांचंच.

बाबांनी त्यांना नेऊन ड्रम दाखवले. त्या म्हणाल्या, ड्रम काय, दाखवायलाही ठेवता येतात.

तुम्ही तिथेच उभे होतात, गुणवंतराव. तुमच्या प्रेसच्या मागच्या पाइपातून नालीत काय जातं ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "जाऊ द्या मावशी. वय झालं त्यांचं. होत असंल चुकून."

मावशींनी बोलणं सोडलं. संक्रांतीला आईला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही.

बाबा गेले ते तसेच. झोपेत. गल्लीच्या लेखी नालीत रॉकेल सोडणारा माणूस म्हणून.

तुम्ही चौकात फ्लेक्स लावलंत. "पर्यावरणप्रेमी मुद्रक हरपला." बाबा कोपऱ्यात, पासपोर्टएवढे. मधे हात जोडलेले तुम्ही.

सुतकात आमचा प्रेस बंद होता. शटरला कुलूप, मशीनवर चादर. गल्लीत प्रत्येकाला माहीत.

दहाव्याहून सगळे परत आले. पाय धुवायला दारात थांबले.

आणि समोरची नाली गुलाबी वाहत होती. लख्ख गुलाबी, क्लासच्या पत्रकावर असतो तसा. वर रॉकेलचा तवंग.

कमलमावशी आमच्या कुलपाकडे बघत राहिल्या. मग कुणालाच न विचारल्यासारखं म्हणाल्या, "ह्यांचं मशीन तर बंद हाय. मग हे कुठून येऊन राहिलं?"

तुम्ही आमच्याच ओसरीवर खुर्चीत बसला होतात. पांढरे कपडे. हातात आमचा चहा.

"कामगार नवा हाय," तुम्ही म्हणालात. "सांडलं असंल."

तुमच्यासमोर आपल्या गल्लीत कोण बोलतं? मी मात्र मोबाइल काढला. नालीचा व्हिडिओ काढला. नालीच्या कडेनं मागे जाऊन तुमच्या पाइपाच्या तोंडाचाही काढला.

कमलमावशी आत आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "मनोहरराव, म्या चुकले."

तेव्हा बाबा फोटोत होते.

गुणवंतराव, पाइपाचं मला एक वेळ विसरता येईल. हे नाही. हे वाक्य बाबांना जिवंतपणी ऐकता आलं असतं. तुम्ही फक्त खरं बोलायचं होतं.

वर्षभर मला भीती वाटत होती. आई म्हणायची, शेजार आहे, राहू दे. पण चांगला फोटो मागितलात आणि भीती गेली. काल दोन्ही व्हिडिओ जोडून प्रदूषण मंडळाकडे लेखी तक्रार दिली आहे. खाली कमलमावशींची सही आहे. पोच माझ्याकडे आहे. पाइप बुजवलात तरी व्हिडिओ बुजत नाही.

आणि तुमचं ते फ्लेक्स. तेरावं झाल्यावर मीच उतरवून आणलं. जाळलं नाही, बाबांनी फ्लेक्स कधी जाळू दिलं नाही. फेकलंही नाही. बाबांचा कोपरा तेवढा कातरून घेतला.

उरलेलं मशीनखाली अंथरलंय, शाई फरशीवर सांडू नये म्हणून.

चांगलं टिकाऊ आहे. रोज सकाळी तुमच्या जोडलेल्या हातांवर पहिला थेंब पिवळा पडतो. मग लाल. मग निळा.

काळा शेवटी.

बाबा, आज गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. मशीन सुरू आहे. नाली आपल्याकडून कोरडी आहे.

तुम्ही निश्चिंत जा आता.