वसुलीवाल्यानं वहीत लिहिलेली ओळ

ये, अशी जवळ सरक. तू ढोकीला आणि मी तुळजापुरात, तरी जवळ बसलीस असं धरून बोलते, कारण लांबून रागावलेलं तुला लागत नाही हे तुझ्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, मला कधीच सांगून ठेवलंय. काल फोनवर काय म्हणालीस? "मावशी, कार्डवाल्यांनी सेटलमेंट दिलीय, निम्म्यात मिटतंय, उद्या संध्याकाळपर्यंतच आहे, पाठवून टाकते." अगं, शिकलेली ना तू? कारखान्याच्या कचेरीत बसून दुसऱ्याच्या उसाची वजनं दोनदा तपासतेस, आणि स्वतःचे पैसे एका आवाजाच्या भरवशावर सोडतेस? थांब जरा. हा शहाणपणा आपल्या घरात पहिल्यांदा मी केलाय. तो मान माझा आहे.

माझं कार्ड कसं आलं ते ऐक. बँकेत पासबुक भरून घ्यायला गेले होते. टाय लावलेल्या एका गृहस्थानं खुर्ची पुढं केली नि म्हणाला, "मावशी, तुमच्यासारख्यांसाठी खास आहे, एकदम फुकट." उभ्या जन्मात बँकेत मला कुणी खुर्ची दिली नव्हती. त्या खुर्चीच्या भिडेखातर दहा ठिकाणी सह्या केल्या.

पुढं साथ आली आणि देऊळ बंद झालं. आपलं घर पुजाऱ्याचं. भाविक आले तर दोन खोल्या भरणार, तेव्हा कुठं चूल पेटणार. मग किराणा कार्डावर, ह्यांच्या गोळ्या कार्डावर, एकदा फ्रिजची दुरुस्तीसुद्धा कार्डावर. दर महिन्याला मी किमान रक्कम भरत गेले आणि बाकीची कमाल होत गेली. मग किमानही जमेना.

तेव्हापासून फोन सुरू झाले. पोटच्या लेकरांनी माझी इतकी विचारपूस कधी केली नाही. सकाळी एक बाई, दुपारी एक बुवा, तिन्हीसांजेला तिसराच कुणी. सगळ्यांना माझी काळजी. "मॅडम, फक्त तुमच्यासाठी ऑफर आणलीय, आज शेवटचा दिवस." असा शेवटचा दिवस दर महिन्याला यायचा. इतक्या शेवटच्या दिवसांतून मी धडधाकट बाहेर पडले, याचं मला अजून नवल वाटतं.

देऊळ उघडलं. नवरात्रात खोल्या भरल्या, तीस हजार गाठीला लागले. ते होते ह्यांच्या डोळ्याचे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, पण त्यात नजर बेताचीच आली. दुसरा डोळा तर पिकून पांढरा झालेला. पूजेचं ताट कुठं, तांब्या कुठं, हातानं चाचपून बघायचे. घरात तेवढेच पैसे. ते भलतीकडं गेले असते तर डोळाही गेला असता आणि कार्डही होतं तिथंच राहिलं असतं.

आणि मी त्यातलेच पाच हजार फोनवरच्या बुवाला धाडले. म्हणाला, "सगळं तीस हजारांत मिटवतो, पाच आत्ता टोकन म्हणून टाका." मी टाकले. का टाकले विचारशील, तर आपल्या घराची रीत. भाविक जाताना खिसा चाचपतो आणि म्हणतो, "आई, पुढच्या खेपेला देतो." पुढच्या खेपेला गुलबर्ग्याहून आलेला माणूस आधी ते पैसे हातावर ठेवतो आणि मग पाय धुतो. ना कागद, ना सही. चाळीस वर्षं नुसत्या शब्दावर संसार झाला, तर फोनवरचा शब्द पोकळ निघेल हे डोक्यात येणार कुठून?

आठ दिवसांनी दुसरीच बाई. "अशी ऑफर आमच्याकडं दिसत नाही. तुमचे पाच हजार व्याजात धरलेत. नवीन ऑफर देऊ का? आज शेवटचा दिवस आहे." किती गोड आवाज होता म्हणून सांगू.

पुढं दिवाळी झाल्यावर एका बुधवारी भर दुपारी दारात माणूस उभा. पन्नाशीचा, काखेत फाईल, बुटावर धूळ. गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "कार्डाचे पैसे थकवलेल्या बाई इथंच राहत्यात का?"

मी म्हटलं, "इथंच. बूट काढून आत या. सावलीत आवाज जास्त चांगला लागतो."

आला. बसता बसताच म्हणाला, "पंचवीस हजार द्या, सगळं मिटवतो." पाणी दिलं, गूळ दिला, जेवायची वेळ होती म्हणून ताटही वाढलं. आणि सवयीनं वही पुढं सरकवली. आपल्याकडं उंबरा ओलांडला की वहीत ओळ लिहायची. नाव, गाव, कशासाठी आलात. ह्यांच्या पणजोबांपासूनच्या वह्या कापडात बांधून ठेवल्यात, तुला माहीत आहे. त्यानं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पेन थांबलं. मग लिहिलं, 'दर्शनासाठी'.

"कुणाच्या दर्शनाला?" मी म्हटलं. "माझ्या?"

कोपऱ्यातून हे म्हणाले, "खरं ते लिहा. उद्या तुमची नातवंडं येतील इथं, तुमची ओळ वाचतील."

त्यानं ते खोडलं. खाली लिहिलं, 'वसुली'.

"आता पंचवीस हजारांत मिटतं म्हणालात, तेही लिहा. खाली सही करा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आई, ते लिहायचा मला अधिकार न्हाय."

"मग बोलायचा कुणी दिला?"

त्यानं पोळीचा तुकडा मोडला. मग हळू म्हणाला, "या वहीत खोटं लिहवत न्हाय. ऐका. बँकेच्या कागदावर पत्र आल्याबिगर कुणाला रुपाया देऊ नका. मलाबी न्हाय. पत्रात रक्कम पाहिजे, तारखा पाहिजेत. भरायचे ते कार्डाच्याच खात्यात, माणसाच्या न्हाय. आन् सगळं फिटल्यावर बाकी नसल्याचा दाखला मागा."

ह्यांनी ते त्याच्याकडूनच त्याच ओळीखाली लिहून घेतलं. जाताना तो देवळात जाऊन आला म्हणे. म्हणजे दर्शनही अगदीच खोटं नव्हतं.

मग मी सगळ्या हितचिंतकांना एकच उत्तर द्यायला लागले: पत्र पाठवा. 'पत्र' म्हटलं की पलीकडं एकदम लाइन खराब व्हायची. माघात एकदाचं पत्र आलं. चोवीस हजार, तीन हप्त्यांत. बँकेच्या शाखेत जाऊन ते खरं आहे का ते विचारून आले. या खेपेला खुर्ची कुणी दिली नाही. पहिला हप्ता भरला, उरलेल्यात ह्यांचा डोळा झाला, आणि पुढचे दोन हप्ते चैत्री पौर्णिमेच्या भाविकांवर निघाले. दाखल्यासाठी मात्र चार खेटे घातले. पैसे मागताना दिवसातून तीनदा बोलणाऱ्या लोकांना दाखला मागितल्यावर माझी ओळखच पटेना.

एक गोष्ट राहिली. माझ्या नावापुढं कर्जाच्या नोंदीत 'सेटल्ड' असं पडलंय, पूर्ण फेडलं असं नाही. मला या वयात कर्ज कोण देणार आणि मी कशाला मागणार? पण तुला घर बांधायचंय. तो शब्द तुला पुढं नडेल. जमत असेल तर थोडं थोडं करून सगळं फेड, नाहीच जमलं तर पत्र हातात घेऊन मिटव.

आज संध्याकाळची मुदत जाऊ दे, पुढच्या महिन्यात ती आपल्या पायानं परत येईल. त्याआधी तू ये. मंगळवार सोडून ये, त्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसते. फोनमधलं सगळं कागदावर काढून आण. ह्यांना आता लई बारीक अक्षर दिसतं आणि ते सगळं मोठ्यानं वाचतात, गल्लीची फुकट करमणूक होते. वहीत तुझी शेवटची ओळ तीन वर्षांपूर्वीची आहे, परवाच बघितली. लवकर ये गं.